प्रॅक्टिकलला नापास ते पुन्हा पास: माझे नऊ महिने

१८ मार्च २०२४, सोमवार. बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या सेमिस्टरची अडल्ट हेल्थ नर्सिंगची प्रॅक्टिकल. मेल मेडिकल वॉर्डात सहा नंबरच्या कॉटवर एक काका होते. त्यांच्या दंडाला मी बीपीचा पट्टा बांधला, मनगटावर नाडी धरून हवा भरली, नाडी लागेनाशी झाल्यावर अजून तीसने वर गेले, कोपराच्या लवणीत स्टेथोस्कोप टेकवला आणि हळूहळू हवा सोडायला लागले. काटा खाली यायला लागला. १८०, १६०, १४०. मला आवाज येत होता तो माझ्याच छातीचा. विहिरीत बुडी मारल्यावर कान जसे भरतात तसे भरलेले. काटा ६० च्या खाली गेला तरी काकांच्या धमनीतला एकही ठोका मला ऐकू आला नव्हता.

एक्सटर्नल मॅडम, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षक, पेन घेऊन शेजारी उभ्या होत्या. "किती?"

"१२०/८०," मी म्हणाले.

त्यांनी काही न बोलता पट्टा पुन्हा बांधला आणि स्वतः बीपी घेतलं. १५६/९४ आलं. मग काकांना कोणत्या गोळ्या चालू आहेत, त्यांचे साइड इफेक्ट काय, एवढंच विचारलं. आदल्या रात्री हॉस्टेलवर रूममेटला हेच घडाघडा म्हणून दाखवलं होतं. तिथे तोंडातून शब्द फुटला नाही.

मी मिरजेत शिकते. गाव तासगाव तालुक्यातलं, घरची द्राक्षबाग आहे. कॉलेजचं आणि हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, कारण हे कुठल्याही वॉर्डात होऊ शकतं. ज्या मुलींना आणि मुलांना असंच झालंय त्यांच्यासाठी सगळं क्रमाने लिहिते. मला तेव्हा कुणीतरी हे सांगायला हवं होतं.

सुरुवात मात्र मार्चमध्ये झाली नव्हती. ती झाली २२ नोव्हेंबर २०२३ ला, दिवाळी नुकतीच झाली होती. फिमेल मेडिकल वॉर्डात पोस्टिंग होतं. मिरजेला कर्नाटकातून खूप पेशंट येतात. खिडकीजवळच्या कॉटवर कागवाडच्या बाजूची एक आजी होती. हार्ट फेल्युअर, पाय सुजलेले, दिवसाला किती पाणी द्यायचं ते डॉक्टरांनी मोजून दिलेलं. ती मला बघितलं की कन्नडमध्ये "नीर" म्हणायची. मी मराठीत समजवायचे, तिला कळायचं नाही, मला वाईट वाटायचं. ओल्या कापसाने तिचे ओठ पुसून द्यायचे. दोन्ही हातांत हिरव्या बांगड्यांचा भरगच्च चुडा. बीपी घेताना आणि सलाईन बघताना त्या सारख्या खाली घसरायच्या, म्हणून मी गॉझची पट्टी घेऊन त्या वर सरकवून बांधून ठेवायचे. माझी गाठ बघून ती हसायची. सहा दिवस ती माझी पेशंट होती.

त्या दिवशी दहाच्या बीपीला गेले तर तिचे डोळे वर गेलेले. सिस्टरना हाक मारली. सगळे धावले. "अँबू आण, ट्रॉली आण," सिस्टर ओरडल्या. (अँबू म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी.) मला ते ऐकू आलं, अर्थही कळला, आणि पाय हलले नाहीत. डॉक्टर छाती दाबत होते. गॉझची गाठ सुटली होती, आणि प्रत्येक दाबाला बांगड्या कॉटच्या लोखंडी कठड्यावर आपटत होत्या. तो आवाज. मी पट्टा हातात धरून उभी. "शिकायला आलीस की बघायला? हो बाजूला!" सिस्टर मला म्हणाल्या, सगळ्या नातेवाइकांसमोर. ट्रॉली दुसऱ्या मुलीने आणली.

आजी गेली. मावशींबरोबर मीच तिचं शेवटचं आवरलं. अंग पुसलं, केस विंचरले. बांगड्या तशाच ठेवायच्या, सवाष्ण आहे, असं तिच्या सुनेने सांगितलं. बारा वाजता मॅडमनी त्याच वॉर्डात ऑक्सिजन देण्याच्या पद्धतींवर क्लिनिकल टीचिंग घेतलं. एक वाजता ड्यूटी संपली आणि आम्ही मेसमध्ये जेवायला गेलो. त्या सकाळबद्दल मला कुणी काही विचारलं नाही, मीही कुणाला काही सांगितलं नाही.

त्या क्लिनिकल टीचिंगमधलं आजही मला एक वाक्य आठवत नाही. वहीत माझ्याच अक्षरात दोन पानं लिहिलेली आहेत. पण बांगडीवरच्या सोनेरी ठिपक्यांची नक्षी मी आज काढून दाखवू शकते. पुढे कळलं की यात नवल काही नाही. मोठ्या भावनेच्या क्षणी मेंदूतला अमिग्डाला नावाचा भाग आठवण घट्ट करतो, पण समोर जे ठळक असतं तेवढ्याचीच. आजूबाजूचं निसटून जातं.

त्यानंतर मी वॉर्डात कामं टाळायला लागले. कुणी म्हणालं, बीपीचा राउंड कर, तर मी म्हणायचे, मी टेम्परेचर घेते, तू बीपी घे. प्रोसिजर बुकात, म्हणजे केलेल्या कामांच्या नोंदवहीत, सह्या पूर्ण होत्या, हजेरी पूर्ण होती. कागदावर मी व्यवस्थित होते, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. मला स्वतःलाही वाटत होतं की अभ्यास कमी पडतोय. म्हणून मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत पाठ करत बसायचे. झोप कमी, भीती जास्त. मार्चमध्ये जे व्हायचं ते झालं.

आता कागदपत्रांचं. निकाल मे महिन्यात लागला. थिअरीत पास, प्रॅक्टिकलला नापास. मला वाटलं फक्त प्रॅक्टिकल परत द्यावी लागेल. ऑफिसमधल्या क्लार्क सरांनी सांगितलं तेव्हा कळलं की आमच्या अभ्यासक्रमात थिअरी आणि प्रॅक्टिकलला वेगवेगळे किमान ५० टक्के लागतात, आणि एकात नापास झालं की त्या विषयाचं दोन्ही पुन्हा द्यावं लागतं. म्हणजे पास झालेला पेपरही पुन्हा. चौथ्या सेमिस्टरचे वर्ग, पोस्टिंग चालू राहणार होतं, पण पाचव्याच्या परीक्षेला बसण्याआधी मागच्या सगळ्यात पास झालेलं हवं. माझ्याकडे एकच सरळ संधी होती, पुढची परीक्षा.

फॉर्म कॉलेजमार्फतच भरावा लागतो. त्यासाठी मागच्या मार्कशीटची झेरॉक्स, जुनं हॉल तिकीट, फोटो आणि फी लागली. सूचना नोटीस बोर्डावर एका कोपऱ्यात लागली होती आणि आमची पोस्टिंग तेव्हा गावाबाहेरच्या केंद्रात होती. माझ्या एका बॅचमेटने बोर्डाचा फोटो पाठवला म्हणून लेट फी वाचली. रिपीटर असाल तर आठवड्यातून एकदा बोर्डासमोर जाऊन फोटो काढायचाच, कुणी निरोप देईल म्हणून थांबायचं नाही. ऑफिसात जायला लाज वाटते, मलाही वाटायची. मी दुपारी अडीचनंतर जायचे, तेव्हा गर्दी नसते आणि क्लार्क सर निवांत बोलतात. फॉर्म, झेरॉक्स, नवीन प्रोसिजर बुक असं सगळं मिळून माझे २,००० रुपयांच्या आसपास गेले.

घरी सांगितलं नव्हतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, फोनवर विचारायचे, "रिझल्ट लागला का गं?" मी म्हणायचे, "लागेल की."

८ जूनच्या रात्री मी हॉस्टेलच्या गच्चीवरून १४४१६ ला फोन लावला. टेली-मानस म्हणतात त्याला. केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची मोफत हेल्पलाइन आहे, २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झालेली, चोवीस तास चालते. मानसिक आरोग्याच्या क्लासमध्ये आम्हीच तिचा चार्ट केला होता. भाषा निवडायला सांगतात, मी मराठी निवडली. पलीकडच्या ताईंना मी पहिली दोन-तीन मिनिटं नुसतीच काहीबाही सांगत होते, अभ्यास होत नाही, झोप येत नाही वगैरे. त्यांनी मधेच विचारलं, "नेमकं काय करताना हात थांबतो?" मी म्हणाले, "बीपी घेताना." आणि रडायला लागले. त्या थांबल्या, फोन ठेवला नाही. शेवटी म्हणाल्या, "तुम्ही समोर बसून कुणाशी तरी बोला, हे सुटण्यासारखं आहे." नर्सिंग शिकणाऱ्या मुलीने हेल्पलाइनला फोन करायचा म्हणजे कसंतरीच वाटतं, मला माहीत आहे. तरी करा.

सांगलीत विश्रामबागच्या बाजूला एक समुपदेशक मॅडम बसतात असं कळलं. अपॉइंटमेंटला अकरा दिवस थांबावं लागलं. एका वेळचे ५०० रुपये, मी एकूण सहा वेळा गेले. मिरजेतून शेअर रिक्षाने जायचे. पैसे कुठून आणले तर, आईने दिवाळीला दिलेले आणि एका सुट्टीत शेजारच्या क्लासच्या मुलांना शिकवलेले. फी परवडत नसेल तर सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागातही समुपदेशन होतं. आपण तिथल्याच, ओळखीचे दिसतील, या भीतीने मी गेले नाही, हा माझा प्रश्न होता.

मॅडमनी पहिल्या दिवशी सल्ला काहीच दिला नाही. एक वही करायला सांगितली. रोज ड्यूटीवरून आलं की तीन गोष्टी लिहायच्या: कधी घाबरलीस, तेव्हा समोर काय होतं, भीती दहापैकी किती होती. मी आठ दिवस लिहिलं आणि सगळीकडे आठ, आठ, नऊ. दहाचे आकडे मला काही सांगेनात. मग मॅडमच म्हणाल्या, "तुझ्या ओळखीचं माप घे."

मी सांगलीचं माप घेतलं. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४५ ला धोका पातळी. इथल्या प्रत्येक घराला हे आकडे पाठ आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, मी तेव्हा शाळेत होते, मिरजेतले नातेवाईक आमच्याकडे राहायला आले होते. तर मी वहीत फूट लिहायला लागले. मैत्रिणीचं बीपी घेताना २० फूट. ओपीडीत ३१. फिमेल वॉर्डाच्या दारात ३८. खिडकीजवळच्या कॉटपाशी ४६. नोव्हेंबरची ती सकाळ ५७. आणि एक गोष्ट वहीत आपोआप दिसली. ४० च्या आत असेन तर मला सगळं आठवायचं. ४० ते ४५ मध्ये हातांना सवय असलेलं काम व्हायचं, पण कुणी प्रश्न विचारला तर उत्तर सापडायचं नाही. ४५ च्या वर कान बंद.

म्हणजे माझं ज्ञान कुठे गेलेलं नव्हतं. पाणी चढलं की रस्ता बंद होतो तसा तिथपर्यंतचा रस्ता बंद व्हायचा. मॅडमनी शरीरातलं कारण सांगितलं. खूप ताण आला की अ‍ॅड्रेनॅलिन आणि कॉर्टिसोल ही हार्मोन्स वाढतात. पळायला, झुंजायला ते उपयोगी. पण शिकलेलं आठवायला आणि एका वेळी चार गोष्टी डोक्यात धरायला मेंदूचा जो पुढचा भाग लागतो त्याचं काम ढिलं पडतं. फिजिऑलॉजीत हे मी परीक्षेसाठी लिहिलं होतं. स्वतःला लावून बघितलं नव्हतं.

त्यांनीच मला उंदरांचा प्रयोग सांगितला, तो मी नंतर लायब्ररीत जाऊन वाचला. १९०८ साली अमेरिकेत रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांनी उंदरांना पांढरी आणि काळी पेटी ओळखायला शिकवलं. चुकलं की विजेचा झटका. दोन्ही पेट्यांतला फरक सोपा होता तेव्हा जोरदार झटक्याने उंदीर लवकर शिकले. फरक ओळखायला अवघड केल्यावर मात्र जोरदार झटक्याने त्यांचं शिकणं मंदावलं, सौम्य झटक्यावर चांगलं झालं. हे वाचून मी लायब्ररीत बराच वेळ बसून होते. आमच्याकडे एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, "ओरडा खाल्ल्याशिवाय नर्स घडत नाही." बेड नीट घालायला ओरडून शिकवता येत असेलही. पण मरणाऱ्या माणसाशेजारी उभं राहून योग्य ती वस्तू योग्य क्षणी हातात द्यायला एकोणीस वर्षांच्या पोरीला ओरडून शिकवता येत नाही, हे माझं स्पष्ट मत आहे.

आणि त्या १२०/८० बद्दल. हे मी मॅडमना चौथ्या भेटीपर्यंत सांगितलं नव्हतं. ऐकू आलं नाही हे सांगण्यापेक्षा खोटा आकडा सांगणं मला सोपं वाटलं होतं. काकांचं बीपी १५६ होतं. परीक्षा नसती आणि मी तो आकडा चार्टवर लिहिला असता तर? मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी एमी एडमंडसन या हार्वर्डच्या संशोधिकेचं काम सांगितलं. १९९० च्या दशकात त्या हॉस्पिटलांमधल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास करत होत्या. चांगल्या टीममध्ये चुका कमी सापडतील असं त्यांना वाटलं होतं, निघालं उलटं. पुढे उलगडा झाला की तिथे नर्सना चूक बोलून दाखवायची भीती नव्हती, म्हणून त्या उघड व्हायच्या. मी त्या दिवशी वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं: ऐकू आलं नाही तर "ऐकू आलं नाही" म्हणायचं. हे वाक्य मी रोज मोठ्याने म्हणायचे. ऐकायला किती साधं वाक्य, पण तोंडात बसायला मला तीन आठवडे लागले.

जुलै ते सप्टेंबर आमची पायऱ्यांची तालीम चालली. पायऱ्या मॅडमनी आणि मी मिळून लिहिल्या. पहिली पायरी रूममेट. रोज रात्री जेवणानंतर तिचं बीपी, पाच दिवस. मग मेसच्या मावशी, त्या भाकरी थापताना हात पुढे करायच्या आणि विचारायच्या, "किती हाय गं माझं?" मग ओपीडी. मग मेल वॉर्ड. प्रत्येक पायरीवर पाणी ३० फुटांच्या खाली उतरेपर्यंत थांबायचं, पळायचं नाही, आणि उतरलं की मगच पुढची. दोनदा मी घाईने दोन पायऱ्या एकदम चढले आणि दोन्ही वेळा मागे यावं लागलं. घाई करू नका, परीक्षा जवळ आली तरी.

श्वासाचाही उपयोग झाला, पण तो सगळे सांगतात तसा परीक्षेच्या दारात पहिल्यांदा करून होत नाही. मिनिटाला साधारण सहा श्वास, सोडायला जास्त वेळ, रोज सकाळी पाच मिनिटं. दोन महिने केल्यावर तो हाताशी आला.

एका क्लिनिकल इन्स्ट्रक्टर मॅडमना मी हे सगळं सांगितलं. मागे वळून बघता ही मदत मी पहिल्या आठवड्यातच मागायला हवी होती. त्या म्हणाल्या, "मी तुझ्याशेजारी उभी राहीन, नुसती बघेन, बोलणार नाही. चालेल?" कुणीतरी बघत असताना काम करायची सवय ही वेगळी सवय आहे, एकटीने कितीही सराव केला तरी ती लागत नाही. आमच्या प्रॅक्टिकलमध्ये डीओपी असते, म्हणजे परीक्षक पहिल्यापासून शेवटपर्यंत डोळ्यांसमोर प्रोसिजर बघतात, आणि ओस्की असते, म्हणजे घंटा वाजली की पुढच्या स्टेशनला जायचं. मॅडमनी मोबाइलवर घंटा लावून आम्हा चार रिपीटर मुलींची दर शनिवारी ओस्की घेतली. पहिल्या शनिवारी घंटेला माझं पाणी ४३ होतं. पाचव्या शनिवारी २९.

राहिली होती खिडकीजवळची कॉट. ऑगस्टमध्ये पुन्हा फिमेल मेडिकलला पोस्टिंग लागलं. पहिल्या दिवशी मी कॉटच्या पायथ्याशी नुसती उभी राहिले. त्याच मावशी फरशी पुसत होत्या. "हितं ती कानडी आजी हुती न्हवं?" त्या म्हणाल्या. मी मान हलवली. मग पोचा बादलीत पिळताना त्या म्हणाल्या, "त्या दिवशी सिस्टरबी आत इंजेक्शनच्या रूममंदी जाऊन रडल्या. म्याच पानी दिलं."

मला हे नऊ महिन्यांनी कळलं. सिस्टरना त्या दिवशी तीस पेशंट होते, जोडीला दुसरी सिस्टर नव्हती. त्यांनी डोळे पुसले असतील आणि बाहेर येऊन दोनची औषधं वाटली असतील. त्यांच्याशीही कुणी बोललं नव्हतं. त्यांनी मला तसं सगळ्यांसमोर बोलायला नको होतं, हे मला आजही वाटतं. पण त्या दिवसापासून त्यांचा आवाज ऐकला की माझं पाणी चढायचं थांबलं. दहा मिनिटं, फक्त दहा मिनिटं आम्ही तिघी, सिस्टर, मावशी आणि मी, कोपऱ्यात बसून "आज काय झालं" एवढं बोललो असतो तर माझे नऊ महिने वाचले असते. वॉर्डात एखादा पेशंट गेला की विद्यार्थ्यांना घेऊन असं बसायची पद्धत पडायला हवी. त्याला वेगळी खोली लागत नाही, पैसे लागत नाहीत.

सप्टेंबरला गणपतीच्या सुट्टीत गावी गेले. बायकांना एसटीला अर्धं तिकीट असल्यामुळे मिरजेहून गावी जायचं-यायचं मला जड जात नाही. यावेळी मात्र तासगावच्या स्टँडवर उतरले तेव्हा पोटात गोळा होता. रात्री आरती झाल्यावर अण्णांना सांगितलं, मी नापास झालेय, मार्चमध्येच. अण्णा गप्प राहिले. आई म्हणाली, "आणि सहा महिनं एकटीच झुरत बसलीस व्हय?"

अण्णा गावच्या जत्रेतल्या नाटकात वीस वर्षं काम करतात. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हापासून या भागात नाटकाचं वेड आहे, आणि आमच्या घरात तर जास्तच. ते म्हणाले, "पडदा वर जायच्या टायमाला माझं पाय अजून लटपटत्यात. वीस वरीस झाली. ते जायचं न्हाई. मी काय करतो, पहिलं वाक्य झोपेतबी म्हणता येईल एवढं पाठ करतो. पहिलं वाक्य भाईर पडलं की पुढचं आपसूक येतं." समुपदेशक मॅडमचं आणि अण्णांचं एकमेकांना न भेटता एकमत झालेलं बघून मला फार बरं वाटलं. मी पहिलं वाक्य ठरवलं: "नमस्कार काका, मी नर्सिंगची विद्यार्थिनी. तुमचं बीपी बघते, दुखणार नाही, फक्त दंडाला थोडं घट्ट वाटेल." आरशासमोर, कपडे धुताना, बागेत अण्णांच्या मागे चालताना. शंभरवेळा तरी म्हणून झालं असेल.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात थिअरीचा पेपर झाला. २४ ऑक्टोबर, गुरुवार, प्रॅक्टिकल.

त्या सकाळी मी पुस्तक उघडलं नाही. दहा मिनिटं वहीत लिहिलं, मला कशाकशाची भीती वाटतेय ते सगळं, जसं येईल तसं. हेही मॅडमनीच सुचवलं होतं. शिकागो विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०११ साली दाखवलंय की परीक्षेआधी दहा मिनिटं आपली काळजी कागदावर उतरवली तर घाबरणाऱ्या विद्यार्थ्यांचे मार्क सुधारतात, कारण काळजीने अडवून ठेवलेली डोक्यातली जागा मोकळी होते. मी लिहिलं: परत कान बंद होतील. अण्णांना परत सांगावं लागेल. त्याच मॅडम एक्सटर्नल असतील. कुणाच्या तरी बांगड्या वाजतील. पान भरलं. वही बॅगेत टाकली. चहा आणि दोन पोळ्या खाल्ल्या. मार्चमध्ये मी उपाशी गेले होते. तसं करू नका. सोबत सेकंदकाटा असलेलं घड्याळ, दोन पेनं, स्वतःचा स्टेथोस्कोप, हॉल तिकिटाची एक जादा झेरॉक्स. स्टेथोस्कोप दुसऱ्याचा घेऊ नका, कानाला त्याची सवय नसते.

एक्सटर्नल मॅडम वेगळ्या होत्या. पेशंट एक पन्नाशीच्या काकू. हातात दोन-दोन काचेच्या बांगड्या. पट्टा बांधण्याआधीच मी मनात माप घेतलं. ४१.

पहिलं वाक्य म्हणाले. ते बाहेर पडलं. काकू म्हणाल्या, "बघ की बाळ." बांगड्या मी हळूच वर सरकवल्या. नाडी धरली, हवा भरली, सोडली. काटा उतरायला लागला. १७०, १६० आणि मधेच माझ्या छातीचा ठोका कानात आला. एक ठोका ऐकू आल्यासारखा वाटला, पण खात्री नव्हती. काटा शून्यावर आला.

"किती?"

"मॅडम, मला नीट ऐकू आलं नाही. एक मिनिट थांबून परत घेते."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "घ्या."

पट्ट्यातली हवा पूर्ण सोडली. काकूंचा हात सरळ करून उशीवर ठेवला. घड्याळाकडे बघत सहा श्वास घेतले. मग परत. या वेळी १४८ ला टक्, टक्, टक् सुरू झालं, आणि ९० ला विरलं. मी दोन्ही आकडे सांगितले, चार्टवर लिहिले, पहिल्या वेळी ऐकू आलं नाही म्हणून दुसऱ्यांदा घेतलं हेही लिहिलं. मॅडमनी स्वतः घेतलं. त्या काही बोलल्या नाहीत, पुढचा प्रश्न विचारला. गोळ्यांचाच होता. एका गोळीचा एक साइड इफेक्ट मला आठवला नाही, बाकीचे सांगितले.

निकालाला सहा आठवडे लागले. थांबायचे हे आठवडे अवघड असतात. त्या काळात रोज निकाल बघू नका, मी आठवड्यातून एकदा, फक्त बुधवारी बघायचे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी ऑफिसातून निरोप आला. पास. मार्कशीट नंतर मिळते, घेताना आयकार्ड लागतं आणि रजिस्टरवर सही करावी लागते. नाव आणि आईचं नाव तिथेच उभं राहून तपासा, स्पेलिंग चुकलं असेल तर दुरुस्तीचा अर्ज त्याच दिवशी द्या. माझ्या एका बॅचमेटला त्यासाठी नंतर चार फेऱ्या माराव्या लागल्या.

कॉरिडॉरमधूनच अण्णांना फोन लावला. ते बागेत होते, ट्रॅक्टरवर ब्लोअर चालू, औषध फवारणी चाललेली.

"अण्णा, पास झाले!"

"आं? आवाज ईना, मशीन चालूय. काय म्हणालीस?"

मी थांबले. त्यांनी मशीन बंद केलं. मग मी परत सांगितलं.